सुभेदारांची फुसफुस

माझा वैरी वीतभर उंचीचा आहे. पत्र्याचं अंग, डोक्यावर टोपी आणि तोंडात काडीएवढी नळी. बोट दाबलं की फुस्स करतो आणि समोरचं गंजलेलं, अडकलेलं, कुरकुरणारं काहीही मऊ पडतं. आमच्या गल्लीतल्या बायका त्याला 'फुसफुस' म्हणतात. दुकानात त्याला भारदस्त इंग्रजी नाव आहे, पण ते माझ्या तोंडून निघायचं नाही. ज्यानं आपला मान खाल्ला त्याचं नाव कोण घेतो?

कडेगावच्या बाजारपेठेत माझं कुलूप, किल्ली आणि शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. गाव मला मिस्त्री म्हणतं. आमच्या धंद्याबद्दल लोकांना वाटतं की आम्ही मोडलेलं जोडतो. खरं तर मोडलेलं फार कमी येतं. कुलूप सहसा मोडत नाही. त्यात धूळ जाते, त्या धुळीवर घरातलं कुणीतरी मायेनं खोबरेल सोडतं आणि दोन्हीचा मिळून आत शिरा होतो. आपण तो शिरा धुऊन काढायचा, कुलूप उन्हात वाळवायचं आणि पेन्सिलीच्या शिशाची चिमूटभर पूड आत फुंकायची. मशीनचं उलटं. तिथं जिथं जिथं लोखंड लोखंडावर घासतं तिथं तिथं तेलाचा एक थेंब हवाच, आणि तो तिथंच बसून राहणारा हवा. कुठं कोरडं ठेवायचं आणि कुठं ओलं, एवढंच आमचं शास्त्र. त्यावर मी आयुष्य काढलं आणि वर रुबाबही केला.

रुबाबाचं एक उदाहरण सांगतो, म्हणजे पुढं मी किती उंचावरून पडलो ते कळेल. कुंडलला एक लग्न होतं. नवरीचे दागिने लोखंडी कपाटात आणि किल्ली कुलपात मोडून बसलेली. बाहेर वाजंत्री थांबलेली, भटजी घड्याळाकडं बघतायत, आणि नवरीचा चुलता कपाटावर पहार घालायला निघालेला. मला मोटरसायकलवर घालून नेलं. मी करवतीच्या पात्याचा तुकडा घासून बारीक केला, तो किल्लीच्या तुकड्याशेजारी सरकवला आणि जीभ दातात धरून तुकडा बाहेर ओढला. कपाट उघडलं. नवरदेवाच्या मामाआधी मला फेटा बांधला. तो फेटा तसाच डोक्यावर ठेवून मी कडेगावात उतरलो, आणि दुकानासमोर आल्यावर लक्षात आलं की दुकानाची किल्ली कुंडलच्या मांडवात राहिली. स्वतःच्याच दुकानाचं कुलूप खटपट करून उघडताना सगळ्या बाजारानं मला बघितलं, फेट्यासकट. तरीही सांगतो, तो मान होता. फेटा अजून दुकानात खुंटीला आहे.

मग सुभेदार संपतराव रिटायर होऊन आले.

त्यांची नोकरी सैन्याच्या वर्कशॉपमध्ये झालेली. आमच्या दारासमोरच त्यांनी घर बांधलं. माणूस ताठ, मिशा तेल न लावताही चकाकणाऱ्या, बोलणं अर्धं आपलं आणि अर्धं पलटणीतल्या हिंदीचं. वास्तुशांतीचं बोलावणं करायला ते आमच्याकडं आले, तेव्हा मी दुकानात होतो. आमची मंडळी, म्हणजे शालन, चहा आणायला आत गेली आणि स्वयंपाकघराचं दार कुरकुरलं.

त्या दाराबद्दल सांगायला हवं. ते दार कुरकुरायचं म्हणजे साधंसुधं नाही. गाभण म्हैस आळस देते तसं. शालन मला म्हणायची, आवं, तेवढं तेल सोडा. मी म्हणायचो, उद्या. गावभरची मशीनं गुळगुळीत करून घरी आलेल्या माणसाला घरात पुन्हा कुपी हातात धरवत नाही. हलवायाला पेढा गोड लागत नाही, त्यातला प्रकार.

दुपारी जेवायला आलो, दार ढकललं आणि आवाजच नाही. मला वाटलं, मला ऐकू यायचं बंद झालं. पुन्हा ढकललं. शालन चुलीकडं तोंड करूनच म्हणाली, "समोरच्या भाऊजींनी केलं. खिशातनं डबा काढला, फुस्स केलं, झालं. चहा निवला पण न्हाई त्यांचा."

त्या दिवशी आमटी आंबट होती की माझं तोंड, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग गल्लीला जणू नवा देव सापडला. स्टीलचे डबे एकात एक अडकून बसले, फुसफुस. नव्या ताटावरचं दुकानाचं चिकट लेबल निघत नाही, फुसफुस. नातवानं भिंतीवर रंगीत खडूनं हत्ती काढला, तर सुभेदारांनी फडक्यावर फुस्स करून आधी सोंड पुसली, मग पाय. शाळेच्या दप्तराची अडलेली चेन, चपलेला लागलेलं डांबर, ऊसतोडीच्या कोयत्यावरचा गंज, सगळ्याला एकच औषध. कोपऱ्यावरच्या काकूंच्या बोटात लग्नातली अंगठी रुतली होती. सोनाराकडं कापायला न्यायची ठरलं होतं. सुभेदारांनी बोटाला फवारा मारला, अंगठी फिरवत फिरवत काढली, लगेच साबणानं हात धुवायला लावले आणि म्हणाले, "वैनी, अंगठी आता करंगळीत घाला, नायतर वजन तरी कमी करा." असलं मी बोललो असतो तर काकूंनी लाटणं फेकलं असतं. सुभेदारांना शेवयांची खीर मिळाली.

हे सगळं फुकट. फुकटच्या माणसाशी स्पर्धा कशी करायची, हे कुठल्याच धंद्यात शिकवत नाहीत.

गल्लीतले आप्पा तर कहर. ऐंशीच्या पुढचे, गुडघे कटकट वाजणारे. ते काठी टेकत सुभेदारांच्या ओट्यावर गेले, धोतर वर केलं आणि म्हणाले, "दाराचं कुरकुरणं थांबतंय, तर ह्याचं का न्हाई? मार की रं एक." सुभेदारांनी त्यांना नीट समजावून परत पाठवलं, की हा माल फक्त लोखंडासाठी, माणसासाठी नाही. मी हे आमच्या खिडकीतून बघत होतो. आणि कबूल करतो, माझ्या मनात आलं ते हेच की एवढी वर्षं मी शेजारी राहतो, तेलाच्या कुप्या बाळगून असतो, आप्पांनी कधी मला गुडघा दाखवला नाही.

हे पोटात दुखणं काही उघड बोलायची सोय नव्हती. मग मी धंद्यातला जाणकार म्हणून बोलू लागलो. पारावर सांगितलं, त्यानं स्टील काळं पडतं. बायकांना सांगितलं, त्या भांड्यात दूध नासतं. नासलं नाही. मग सांगितलं, त्या वासानं घरात साप येतात. तेव्हा शेजारची सून, माहेर शिराळा, धुणं वाळत घालता घालता म्हणाली, "मग आमच्या शिराळ्यात पूर्वी पंचमीला नाग हुडकायला सगळं रान कशाला पालथं घालत हुते, काका? येशीवर एक डबा मारला असता की." अख्खी गल्ली हसली. शालन सगळ्यात शेवटी हसायची थांबली.

पुढं जे झालं त्याचं मूळ इथं आहे. डब्याबद्दल मी इतक्या खोट्या गोष्टी सांगून बसलो होतो, की खरी सांगायची वेळ आली तेव्हा माझ्या शब्दाला काही किंमतच उरली नव्हती.

त्याआधी माझं एक चोरटं पाऊल. सांगलीला मशीनचे सुटे भाग आणायला गेलो होतो, तिथं एका दुकानात तो डबा फळीवर दिसला. कडेगावात घेतला असता तर संध्याकाळपर्यंत बातमी गल्लीत पोचली असती. मी इकडं तिकडं बघितलं आणि घेतला. पिशवीत सुटे भाग वर आणि वैरी खाली, असा घरी आणला. माझा बेत असा, की आमच्या मांडणीत पितळेचे दोन पेले एकात एक अडकून बसलेत, ते गुपचूप सोडवायचे आणि शालनला सांगायचं, बघ, नुसत्या हातानं काढले, ह्याला म्हणतात कसब.

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. नळी लावली, पेल्यांच्या फटीत धरली, फुस्स केलं. पेले सुटले. मी खूश होऊन दुसऱ्यांदा फुस्स केलं, नुसतंच, हवेत. लबाडी करणाऱ्यानं कुरकुरणारं दार जपून ठेवावं, हे मला तेव्हा कळलं. शालन कधी आत येऊन मागं उभी राहिली ते कळलंच नाही.

"कुणाचा डबा ह्यो?"

त्या वेळी 'माझा' म्हणायला छाती लागते. माझ्याकडं तोंडात येईल ते म्हणायची सवय होती.

"सुभेदारांचा," मी म्हणालो. "विसरून गेले असतील."

शालननं सुटलेले पेले बघितले, डबा बघितला, माझ्याकडं बघितलं आणि डबा उचलला. वर वाटीभर लाडू घेतले आणि समोर देऊन आली. म्हणजे हिशेब असा झाला: पेले सोडवल्याचं श्रेय सुभेदारांना, लाडू सुभेदारांना आणि डबाही सुभेदारांना. सांगलीहून बाजारहाट करून वैऱ्याला दारूगोळा पुरवणारा शिपाई सुभेदारांनी अख्ख्या नोकरीत बघितला नसेल.

आता मशीनचं.

शालन घरी ब्लाऊज शिवते. मशीन तिच्या माहेरचं, काळं, पायाचं, सोनेरी नक्षी पुसत आलेलं. लग्नसराईत तिच्याकडं रांग लागते. त्या वर्षी कुंडलच्या एका घरचं मोठं काम तिनं घेतलं होतं, नवरीचे आणि करवल्यांचे मिळून सगळे ब्लाऊज. तिनं शब्द दिला होता. आणि आमच्या घरात शब्द पाळणारं माणूस एकच आहे. ते कोण, हे इतकं वाचल्यावर सांगायला नको.

मशीन जड चालत होतं. तिनं मला सांगितलं होतं. मी काय म्हणालो असेन ते तुम्ही ओळखा.

एक दिवस घरी आलो तर मशीन गात होतं. सुई दिसत नव्हती इतकी पळत होती. पायडलच्या बाजूला डबा, आणि तो कुठला, हे मी त्याच्या टोपीवरच्या सांगलीच्या दुकानाच्या चिठ्ठीवरून ओळखलं. सुभेदारांनी सगळ्या भोकांतून फवारा मारून दिला होता.

इथं मला धंद्याची गोष्ट सांगितलीच पाहिजे. हा डबा वाईट नाही. तो मुळात धुणारा आणि सोडवणारा आहे, रॉकेलचा शिकलेला भाऊ म्हणा. गंज सैल करतो, पाणी हाकलतो, जुनी घाण काढतो. पण घाणीबरोबर जुनं तेलही धुऊन नेतो आणि स्वतः फार दिवस थांबत नाही. दाराला ते चालतं. मिनिटाला शेकडो टाके घालणाऱ्या मशीनला चालत नाही. सुरुवातीला ते वाऱ्यासारखं पळतं, कारण आतला सगळा मळ सुटलेला असतो. मग तोच मळ, कापडाचा भुगा आणि फवाऱ्याचा उरलेला थर मिळून आत डिंक होतो, आणि लोखंड कोरडं घासायला लागतं.

मी शालनला हे सगळं सांगितलं. अगदी खरं, पोटतिडकीनं. म्हणालो, आत्ताच्या आत्ता धुऊन तेल घालून देतो, नाहीतर ऐन कामात बसेल.

तिनं दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "आणि साप? साप कवा येणार हायत?"

बोलायला जागाच ठेवली नव्हती मी. कुपी घेऊन जवळ गेलो तर म्हणाली, राहू दे, एवढं वर्षभर सांगितलं तेव्हा सवड नव्हती, आता सुभेदारांचा हात लागला म्हणून सवड आली. मी कुपी परत जागेवर ठेवली, कारण ते शब्दाला शब्द खरं होतं.

त्यानंतरचे दिवस मी कान मशीनकडं लावून काढले. आधी गाणं होतं. मग त्यात खर्ज आला. मग पायडल दाबताना शालन खुर्चीवरून किंचित उठायला लागली. दुकानात बसून मी मनात संवाद रचत होतो, ती रडवेली होऊन येईल, मी शांतपणे चष्मा पुसेन, आणि म्हणेन, मी काय सांगितलं होतं? हे वाक्य मी इतक्या तऱ्हेनं म्हणून बघितलं की एका गिऱ्हाईकानं विचारलं, मिस्त्री, कुणाला दम देताय?

ती आली नाही. सुभेदार आले. भर बाजारातून, खांद्यावर मशीनचं डोकं घेऊन, बंदूक घेतल्यासारखे ताठ. त्यांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं. कापड सरकवणाऱ्या दातांच्या पट्टीत नवरीच्या ब्लाऊजची हिरवी बाही अडकलेली होती आणि चाक हाताला फिरत नव्हतं.

"मिस्त्री," ते म्हणाले, "केस आपल्या हाताबाहेर हाय. चूक माझी. टँकला चालतं ते हिला चालत न्हाई, हे माझ्या ध्यानात यायला पायजे हुतं."

चष्मा पुसायची वेळ हीच होती. वाक्य ओठांवर होतं. पण समोरचा माणूस सगळ्या बाजारासमोर चूक माझी म्हणतो, त्याला मी काय सांगितलं होतं हे कसं सुनावणार? शिवाय मी त्याला नाही, बायकोला सांगितलं होतं. असल्या माणसाचा राग मनासारखा करताही येत नाही, हा त्यांच्याबद्दलचा माझा सगळ्यात मोठा राग आहे.

"वैनी कुठं हायत?" मी उगाच विचारलं, स्वतःच्याच बायकोला वहिनी म्हणून. ते हसले नाहीत, हेही वाईट.

"घरी. हातानं टीप घालत बसल्यात. उद्या कुंडलची माणसं न्यायला येणार."

मी पेचकस उचलला. बाही आधी सोडवली, धागा न ओढता, पट्टीचे स्क्रू काढून. मग शटल उघडलं. आत काळा डिंक होता, तो अपेक्षितच. पण वरच्या बाजूची तेलाची भोकं बघितली आणि माझा हात थांबला. तिथं फवाऱ्याचा काही दोष नव्हता. जुना, सुकलेला, दगड झालेला मळ. त्या भोकांत कैक महिने थेंब पडलेला नव्हता. गावातल्या कुठल्या बाईनं असं मशीन आणलं असतं तर मी तिला विचारलं असतं, ताई, तुमच्या घरी कुणाला लक्ष द्यायला सवड न्हाई का?

सुभेदारांनी वाकून बघितलं. त्यांना कळलं. वर्कशॉपचा माणूस, कळणारच. त्यांनी फक्त विचारलं, हे धुवायचं कशानं? पूर्वी मी रॉकेलनं धुवायचो. आता रॉकेल बघायला मिळत नाही. मग त्यांनी खिशातून डबा काढून टेबलावर ठेवला. टोपीवर सांगलीच्या दुकानाची चिठ्ठी.

"ह्यो तुमचा," ते म्हणाले. "वैनींनी लाडवासंगं आणून दिला तवा माझा माझ्या फळीवर हुता."

"मग बोलला न्हाईत ते?"

"लाडू चांगले हुते."

आम्ही कामाला लागलो. ते फुस्स करत, मी ब्रशनं घासे, ते फडक्यानं पुसत. एकेक भाग कोरडा करून मी चोचीच्या कुपीनं थेंब सोडला. एक थेंब, चाक फिरव, दुसरा थेंब. जळफळाट बाजूला ठेवून सांगतो, त्या माणसाचा हात स्वच्छ आहे. आणि जळफळाट जागेवर ठेवून सांगतो, तो माझ्या बायकोकडं जायच्या आधी मला विचारायला आला असता तर बरं झालं असतं. दिवेलागणीला मशीन घरी नेलं. शालननं चाकाला नुसतं बोट लावलं आणि ते फिरत राहिलं. तिनं मान वर केली, आणि माझ्यावरून नजर पुढं नेऊन म्हणाली, "भाऊजी, चहा घेऊन जावा."

ब्लाऊज वेळेवर गेले. बाहीवर डाग राहिला नाही. कुंडलहून नवरीच्या आईनं पेढे पाठवले, त्यातले निम्मे कुठं गेले हे सांगत नाही.

पंधरवडाभरानं दुपारी जेवत होतो. शालन आत गेली आणि दार बारीक कुरकुरलं. फवारा उडून गेला होता. ती थांबली. तिनं दार मागं घेतलं, पुन्हा पुढं केलं, पुन्हा मागं. समोरच्या घराकडं बघितलं नाही. मी हातातला घास ताटात ठेवला, उष्ट्या हातानंच उठलो, कुपी घेतली. 'उद्या' हा शब्द त्या दिवसापासून मी घरात तोंडातून काढलेला नाही.

खालच्या बिजागरीत थेंब सोडला. मधल्या बिजागरीत सोडला. स्टुलावर चढून वरच्या बिजागरीपाशी कुपी नेली आणि थांबलो. खालून शालन म्हणाली, "काय झालं? सोडा की."

मी विचार केला, हिला पावलांचा आवाज नाही, दार कुरकुरलं तरच ती मागं आल्याचं कळतं, आणि स्वयंपाकघरातल्या डब्यातले पेढे अजून संपलेले नाहीत.

"सोडलं," म्हणालो, आणि खाली उतरलो. दार अजून थोडं कुरकुरतं. सुभेदार समोरून ऐकतात, खिशाला हात लावतात. पण येत नाहीत.